संक्रांतीची एक दुपार पाण्याच्या गोष्टीला द्या : आपल्या मंडळाला खुले पत्र

ॲरिझोनातल्या, फिनिक्सच्या खोऱ्यातल्या आपल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी आणि सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

एकवीस वर्षं मी मंडळाची सभासद आहे. गणपतीच्या स्वयंपाकापासून मराठी शाळेच्या वर्गापर्यंत समोर येईल ते काम केलं, आणि मंडळानेही मला या परक्या मुलखात माहेर दिलं. त्या हक्काने लिहिते आहे. पत्र खुलं ठेवलंय, कारण विषय कार्यकारिणीतल्या सात जणांपुरता नाही.

गेल्या वार्षिक सभेत मी एक सूचना मांडली होती. वर्षातून निदान चार व्याख्यानं या प्रदेशाच्या इतिहासावर आणि संस्कृतीवर ठेवू या, आणि ती इथल्याच माणसांनी द्यावीत. त्यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. ‘लोक येणार नाहीत’, ‘आधी आपलं जपू या’, ‘मुलं कंटाळतील’ अशी उत्तरं आली आणि सभा दिवाळीच्या वाद्यवृंदाच्या मानधनाकडे वळली. त्या दिवशी मी गप्प बसले. आज सविस्तर सांगते.

माझं माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आमच्याकडे फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस, तर पुढच्या साली त्यात दुसरं काही. शेत कुणाचंही असो, पाणी ठरलेल्या क्रमानेच मिळणार. पाऊस कमी झाला तर कुठला फड कोरडा ठेवायचा ते गावाने बसून ठरवायचं. तीन-चारशे वर्षं हे असंच चाललं. पाटकरी पाट सांभाळायचा, बारेकरी शेतात पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. माझे आजोबा बारेकरी होते. रात्री-बेरात्री खांद्यावर फावडं टाकून जायचे आणि पहाटे परत यायचे तेव्हा पायांना पोटऱ्यांपर्यंत ओला गाळ लागलेला असायचा. तो वास मला अजून आठवतो.

लग्नानंतर इथे आले. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही फिनिक्सशेजारच्या टेंपी शहराच्या जुन्या वस्तीत भाड्याचं घर घेतलं. एका रात्री दोन वाजता परसातून पाण्याचा आवाज आला. पाइप फुटला असं समजून मी धावत बाहेर गेले, तर शेजारच्या आजी रबरी बूट घालून, तोंडात टॉर्च धरून, आमच्या कोपऱ्यातली लोखंडी झडप फिरवत होत्या. टॉर्च हातात घेऊन म्हणाल्या, “तुझी पाळी पावणेतीनपर्यंत, मग माझी. नवीन आहेस म्हणून मीच उघडलं.” परसाच्या चारी बाजूंना वीतभर उंचीचा मातीचा बांध होता; तो शोभेचा आहे अशी माझी समजूत होती. बघता बघता पाणी घोट्यापर्यंत चढलं. संत्र्याची झाडं पाण्यात उभी राहिली, पांढऱ्या चुन्याने रंगवलेली त्यांची खोडं अंधारात चमकत होती. आणि तो गाळाचा वास! मी अनवाणीच त्या पाण्यात उतरले आणि रडले. आजींना वाटलं, मी घाबरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं समजावलं. उन्हाळ्यात साधारण पंधरवड्याने पाळी येते. वेळापत्रक येतं, दिवस की रात्र हे आपल्या हातात नसतं. मोठ्या कालव्यातून वस्तीच्या चारीत पाणी सोडणाऱ्या माणसाला इथे सान्हेरो म्हणतात. स्पॅनिशमध्ये सान्हा म्हणजे चर, पाट. म्हणजे सान्हेरो कोण, तर पाटकरीच! आजोबांच्या जोडीदाराच्या हुद्द्याचा माणूस सात समुद्रांपलीकडे, वाळवंटात, पगारी नोकरीवर होता.

हा पाट कुणी खोदला, असं आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, “शनिवारी लायब्ररीत ये.”

मी गेले. तशी व्याख्यानं मी नंतर बरीच ऐकली, पण ते पहिलं होतं. घडीच्या तीस-चाळीस खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचा मोठा थर्मास, बहुतेक सगळी पिकल्या केसांची माणसं, आणि कुंकू लावलेली मी एकटी. तिकीट नाही, ओळखपत्र नाही. बोलणाऱ्या बाई ‘हिला’ (Gila) नावाच्या नदीच्या काठच्या, अकिमेल ओओधम समाजातल्या, निवृत्त शिक्षिका. अकिमेल ओओधम म्हणजे नदीची माणसं. त्यांनी आधी टेबलावर एक जुना नकाशा पसरला आणि आम्हाला उठून जवळ यायला सांगितलं. नकाशात सॉल्ट नदीच्या दोन्ही अंगांना झाडाच्या मुळांसारख्या रेघा होत्या. ते सगळे पाट. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापासून साधारण १४५० पर्यंत, ओओधम लोक ज्यांना हुहुगम म्हणतात त्या त्यांच्या पूर्वजांनी, लाकडाच्या काठ्या आणि दगडाची अवजारं घेऊन खोदलेले शेकडो मैलांचे पाट. चाक नाही, बैल नाही, लोखंड नाही. उतार इतका अचूक राखलेला की पाणी गाळही साचू देणार नाही आणि काठही खाणार नाही. मका, घेवडा, भोपळा, कापूस यांची शेती त्यावर चालायची. पुढे १८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाचा माणूस इथे आला. त्याला हे बुजलेले पाट दिसले, त्याने कंपनी काढली आणि तेच पाट उकरून पाणी सोडलं. आजच्या काही कालव्यांचा मार्ग त्या जुन्या पाटांवरूनच जातो.

आता शहराच्या नावाचं. ‘राखेतून भरारी घेणारा फिनिक्स’ मराठीत आपण इतका वापरतो की निवडणूक हरलेल्या उमेदवारापासून कर्ज फेडलेल्या कारखान्यापर्यंत सगळ्यांना तो लागू होतो. हे शहर एका लयाला गेलेल्या संस्कृतीच्या अवशेषांवर उभं राहतंय म्हणून डॅरेल डुप्पा नावाच्या एका सुशिक्षित गोऱ्या वसाहतकऱ्याने हे नाव सुचवलं. हे सांगून बाई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “राख कुणाची? आम्ही तर शेजारीच राहत होतो.”

मंडळींनो, त्या वाक्याने मला हलवून टाकलं. शहराच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासावर, ती माणसं त्याच पाण्यावर शेती करत होती. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यांनी आणि लष्कराने त्यांच्याकडचाच गहू विकत घेतला. आणि मग १८७० नंतर वरच्या अंगाला नव्या वसाहतींनी हिला नदीचं पाणी वळवायला सुरुवात केली. शतक संपेपर्यंत नदीच्या माणसांकडे नदी उरली नाही. पिकं गेली, उपासमार झाली. सरपणाला मेस्किट तोडून विकायची वेळ आली. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. तिच्या शेंगांचं गोड पीठ हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न. पोट भरायला त्यांना आपलं अन्न देणारं झाडच तोडावं लागलं.

पाणी वर अडलं की खाली काय होतं, हे आपल्यातल्या ज्यांची गावं धरणाच्या टेलला आहेत त्यांना मी सांगायला नको.

ते भांडले. शंभर वर्षांहून जास्त भांडले, कोर्टात, कागदावर. २००४ मध्ये अमेरिकी संसदेने ॲरिझोनाच्या पाण्याच्या तडजोडीचा कायदा केला आणि हिला नदीच्या समाजाला वर्षाला ६,५३,५०० एकर-फूट पाण्याचा हक्क मिळाला. आपल्या मापात साडेअठ्ठावीस टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तर २९.१५ टीएमसी होतात, यावरून अंदाज येईल. आणि ज्यांचं पाणी गेलं होतं त्याच समाजाने २०२३ मध्ये, कोलोरॅडो नदी आटत असताना, आपल्या वाट्याचं काही पाणी न वापरता मीड सरोवरात ठेवण्याचा सरकारशी करार केला. त्यासाठी त्यांना पैसे मिळाले, ते मिळायलाच हवेत. पण आज आपल्या नळाला जे पाणी येतं त्यात त्या निर्णयाचाही वाटा आहे. आपल्यातले निम्मे लोक चिपच्या कारखान्यांत काम करतात. त्या कारखान्यांना पाणी किती लागतं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक.

हे सगळं मला कुठल्या जाड ग्रंथात सापडलं नाही. लायब्ररीत, शनिवारी दुपारी, फुकट मिळालं.

अशा व्याख्यानांतून आणखी किती काय कळलं! पिमा कॉटनचा शर्ट आपण महाग म्हणून कौतुकाने घेतो. ते नाव अकिमेल ओओधम लोकांना बाहेरच्यांनी दिलेल्या ‘पिमा’ या नावावरून पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅकटनच्या सरकारी प्रयोगक्षेत्रावर त्यांच्या मेहनतीने तो लांब धाग्याचा कापूस वाढला. मी खानदेशातली, कापूस वेचत मोठी झालेली, आणि हे मला चाळिशीत कळावं? दुसऱ्या महायुद्धात त्याच समाजाच्या जमिनीवर, त्यांचा विरोध डावलून, जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांसाठी छावणी उभारली गेली; एका वेळी तेरा हजारांवर माणसं तारांच्या आत होती. आणि ॲरिझोनात मूळनिवासींना मताचा अधिकार मिळाला तो १९४८ मध्ये, तोही फोर्ट मॅकडॉवेलच्या दोघांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली म्हणून. आपलं संविधान लागू झालं त्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी. आपल्या मुलांना या गोष्टी कोण सांगणार?

‘आधी आपलं जपू या’ म्हणणाऱ्यांना मी मनापासून विचारते, व्याख्यानमाला आपली नाही का? न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली १८७५ साली. गणेशोत्सव सार्वजनिक झाला तेव्हा मांडवात आरतीइतकीच भाषणं होत. तालुक्याच्या गावांत अजूनही थंडीत शाल पांघरून लोक तीन-तीन दिवस व्याख्यानं ऐकतात, आणि वक्ता एसटीने येतो. माझ्या धुळ्यात १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे गेले, आणि पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं. आयुष्यभर गावोगाव हिंडून त्यांनी लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उतरवली. प्रदेशाचा इतिहास प्रदेशातल्या माणसाच्या घरात असतो, हे आपल्याला त्यांनीच शिकवलं. ते इथे असते तर पहिल्या आठवड्यात हिला नदीच्या काठी जाऊन बसले असते याची मला खात्री आहे.

आणि ‘लोक येणार नाहीत’ याबद्दल. एक अप्रिय आठवण काढावी लागते, रागावू नका. काही वर्षांपूर्वी आपण गणपतीत एका तोहोनो ओओधम बाईंना बोलावलं होतं. तोहोनो ओओधम म्हणजे वाळवंटाची माणसं. त्यांना वेळ दिली होती साडेबाराची, म्हणजे जेवणाची रांग सुरू होताना. ताटं वाजत होती, माइक मधूनच बंद पडत होता, पुढच्या दोन ओळींत मिळून आम्ही नऊ जण. सूत्रसंचालकांनी मध्येच हौसेने म्हटलं, “आमच्या मुलांना तुमची एखादी जुनी गोष्ट सांगा ना!” त्या हसून म्हणाल्या, “आत्ता नाही सांगता येणार.” मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, भाव खाते. त्या अकरा मिनिटांत आटोपून, सगळ्यांचे आभार मानून, प्रसाद घेऊन गेल्या.

मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या सृष्टीच्या, पूर्वजांच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या, साप बिळात झोपलेले असतात तेव्हा. भाद्रपदात साप बाहेर असतात. चातुर्मासातली कहाणी चातुर्मासातच वाचणारे आपण, ही मर्यादा आपल्याला तर चटकन समजायला हवी होती. आपण विचारलंच नाही. लोक आले नाहीत याचं खापर विषयावर फोडू नका. वेळ आपण चुकीची दिली आणि ऋतूही.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या शनिवारी दुपारी दोन ते चार हा वेळ या व्याख्यानाला द्या. जानेवारीत इथली हवा सोन्यासारखी असते, साप झोपलेले असतात, आणि जेवणं आटोपलेली असतात. तिळगूळ व्याख्यानानंतर वाटू. त्या दोन तासांत दुसरा कुठलाही कार्यक्रम नको, बक्षीस समारंभसुद्धा नको. वक्त्याला गायकाइतकंच मानधन द्या आणि पाकीट आधी द्या. ‘समाजसेवा म्हणून या’ असं कुणाला सांगू नका. नाचायला, पिसं लावून यायला सांगू नका. चित्रीकरण करण्याआधी विचारा. सगळ्याच गोष्टी इंटरनेटवर टाकायच्या नसतात. आणि निमंत्रणपत्रिकेत, सूत्रसंचालनात, एकमेकांत बोलतानासुद्धा ‘रेड इंडियन’ हा शब्द आता सोडू या. लहानपणी आपण कॉमिक्समध्ये वाचला, कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण तो शब्द त्या माणसांना लागतो. या राज्यात मान्यताप्राप्त मूळनिवासी राष्ट्रं २२ आहेत, राज्याच्या चौथाईहून जास्त जमीन त्यांची आहे, आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे. तोहोनो ओओधम लोकांनी तर बाहेरच्यांनी दिलेलं ‘पापागो’ हे नाव १९८६ मध्ये अधिकृतपणे टाकून स्वतःचं नाव परत घेतलं. त्यांच्या नावाने त्यांना हाक मारणं आपल्याला जड नाही.

मराठी शाळेच्या शिक्षकांना वेगळी विनंती. दिवाळीत आपली मुलं परसातल्या मातीचा किल्ला करतात, शिवनेरी आणि राजगड त्यांना तोंडपाठ आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. तीच मुलं एका सकाळी सेदव वाअकी संग्रहालयात घेऊन चला. पूर्वी त्याला प्वेब्लो ग्रांदे म्हणत. २०२३ मध्ये नाव बदललं. विमानतळाच्या अगदी शेजारी आहे. वर विमानं उतरत असतात आणि खाली हुहुगमांचा मोठा चौथरा आणि पाटांच्या खुणा. माझ्या मुलीला मी तिथे नेलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पाटाच्या खोलगट भागाकडे बघून तिने विचारलं, “इथे बारेकरी कोण होता?” तिच्या पणजोबांचा शब्द तिने या मातीला लावला. तो प्रश्न तिथल्या मार्गदर्शकाला मी भाषांतर करून सांगितला, आणि त्यांनी फड पद्धतीबद्दल अर्धा तास मला प्रश्न विचारले. आपण तिथे रिकाम्या हाताने जात नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

एक तातडीची गोष्टही आहे. अशी व्याख्यानं चालतात ती बऱ्याचदा राज्याच्या मानव्यविद्या परिषदेच्या आधाराने. एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज या केंद्रीय संस्थेने देशभरातल्या राज्य परिषदांची अनुदानं रद्द केली. खेड्यातल्या लायब्ररीत वक्ता पोहोचतो तो अशाच छोट्या रकमांवर: पेट्रोल, मानधन, चार पत्रकं. राजकारणात मला पडायचं नाही. पण आपण एका रात्रीच्या वाद्यवृंदावर जे खर्च करतो त्यातून किती शनिवार उभे राहतील, याचा हिशोब खजिनदारांनी एकदा मांडावा. वाद्यवृंद बंद करा असं मी म्हणत नाही. मलाही तो आवडतो.

आणि आपणही बोलायला जायला हवं. आपल्यातच कुणी लासलगावच्या कांद्याचा माणूस आहे, कुणाच्या आजीच्या ओव्या आहेत, कुणी माणदेशातून मेंढरांमागे हिंडलेल्या घरातलं आहे. दुष्काळी मुलखातून वाळवंटात आलेल्या माणसांकडे सांगण्यासारखं भरपूर असतं. मी टेंपीच्या लायब्ररीत विचारून ठेवलंय. फड पद्धतीवर, आजोबांवर, पांझरेच्या बंधाऱ्यांवर मी तासभर बोलेन. इंग्रजी माझं जेमतेम आहे, पण पाण्याचं बोलायला पुरेल.

कार्यकारिणीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. संक्रांतीच्या शनिवारचा ठराव मी लेखी दिला आहे. अनुमोदक दोन मिळालेत, तिसरा हवा आहे. त्याआधी येत्या शनिवारी दुपारी दोन वाजता लायब्ररीत सग्वारो या उंच निवडुंगाच्या फळांच्या हंगामावर एक ओओधम गृहस्थ बोलणार आहेत: जून अखेरीस सग्वारोच्याच आतल्या वाळक्या दांड्यांची लांब काठी करून फळं कशी पाडतात, आणि त्या हंगामापासून त्यांचं नवं वर्ष कसं सुरू होतं. मी दीडला निघते. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी आदल्या रात्री फोन करा.

आपली,
टेंपीची, मूळची पांझराकाठची, एक सभासद